चार अलॉय चाके, आठ नंबरांचे पेपर आणि एक ट्यूब : घरच्या पॉलिशचा अनुभव

आमची २०११ सालची होंडा सिटी पहिली सहा वर्षे मालवणात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उभी असे आणि त्यानंतर ती पुण्याला आली. इंजिनाने आजवर तक्रार केलेली नाही, परंतु चारही अलॉय, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या, चाकांची रया पार गेली होती. खडीने जिथे जिथे टवका उडाला होता तिथून खारी हवा लॅकरच्या, म्हणजे वरच्या पारदर्शक संरक्षक थराच्या, पापुद्र्याखाली शिरली होती आणि लाकडात वाळवीने वाट काढावी तशा पांढुरक्या, नागमोडी रेषा धातूवर उमटल्या होत्या. मध्यंतरी एका दुकानातून या चाकांवर चंदेरी रंग मारून घेतला होता. खालचा गंज न काढताच तो मारलेला असल्यामुळे दुसऱ्या पावसाळ्यात त्याचे पोपडे सुटले. नवीन चाके घ्यावीत एवढी आता गाडीची किंमत राहिलेली नाही, आणि दुसऱ्या एका दुकानाने पॉलिशसाठी चाकामागे अडीच हजार रुपये सांगितले. तेव्हा हे काम घरीच करून पाहायचे ठरवले. त्यासाठी लागलेल्या सामानाचे हे परीक्षण आहे. घरगुती पॉलिशचे सामान विकणारे आणि विकत घेणारे दोघेही ज्या वस्तूकडे सर्वांत कमी लक्ष देतात तीच सर्वांत जास्त काम करते, असा माझा पाच आठवड्यांच्या शनिवार-रविवारांचा निष्कर्ष आहे. म्हणूनच पुढे चमकदार ट्यूबपेक्षा करड्या कागदाविषयी अधिक मजकूर आढळेल.

सामानात पुढील गोष्टी होत्या. पुण्याच्या बोहरी आळीतून घेतलेले १२०, २२०, ४००, ६००, ८००, १०००, १५०० आणि २००० या नंबरांचे वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात भिजवून घासायचे कागद; नंबर जितका मोठा तितका कागद बारीक. रंग काढण्याचे जेल. घरच्या ड्रिलला लावायच्या बफचा, म्हणजे धातूला चमक आणणाऱ्या फिरत्या मऊ गोळ्यांचा, ऑनलाइन मिळणारा संच. ऑटोसोल मेटल पॉलिशची ७५ मिलीची ट्यूब. आणि शेवटी संरक्षणासाठी एक फवारायचे सिरॅमिक कोटिंग. ड्रिल, जॅक, टॉर्क रेंच (नट ठरावीक जोराने आवळायचा पाना) व चष्मा घरात होतेच. सगळा खर्च ३१०० रुपयांच्या आत बसला. पहिल्या चाकाला नऊ तास लागले आणि चौथ्याला साडेपाच. वेळेची किंमत धरली तर दुकानाचा भाव मुळीच महाग नव्हता, हे सुरुवातीलाच मान्य करतो.

प्रत्येक चाक या उद्योगाला योग्य असतेच असे नाही, म्हणून खरेदीपूर्वी चाक नीट पाहणे आवश्यक आहे. क्रोमचा मुलामा दिलेले चाक घासू नये, कारण मुलामा एकदा फाटला की तो हाताने सांधता येत नाही. डायमंड कट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चाकांचा दर्शनी भाग लेथवर फिरवून कापलेला असतो आणि उन्हात त्यावर ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या बारीक वर्तुळाकार रेषा चमकतात. पेपर लावला की त्या रेषा कायमच्या जातात आणि परत आणायच्या तर लेथच लागतो. चाकाला तडा असेल किंवा खड्ड्यात आपटून कड वाकली असेल, तर ते पॉलिश करण्यात वेळ घालवण्याऐवजी बदलावे. पॉलिशमुळे तडा झाकला गेला तर ते उलट घातकच आहे. आमची चाके मुळात सरसकट चंदेरी रंगाची होती, त्यामुळे गमावण्यासारखे काही नव्हते.

रंग काढण्याच्या जेलविषयी थोडक्यात लिहितो. ब्रशने जाड थर दिला, वर प्लास्टिकचा कागद झाकून पंधरा-वीस मिनिटे ठेवले, की लॅकर आणि रंग दोन्ही सुरकुततात आणि प्लास्टिकच्या उलथन्याने खरवडता येतात. दुकानात मारलेला रंग एका थरात निघाला, कारखान्यातल्या मूळ रंगाला मात्र तीन थर द्यावे लागले. अशा अनेक जेलमध्ये मेथिलीन क्लोराइड असते. बंद खोलीत त्याच्या वाफेने माणसे दगावल्यामुळे अमेरिकेत २०१९ साली किरकोळ ग्राहकांना ते असलेली रंग काढण्याची द्रव्ये विकण्यावर बंदी घालण्यात आली. आपल्याकडे डब्यावरची बारीक अक्षरे वाचायची सवय नसते, ती इथे लावून घ्यावी. काम पूर्ण उघड्यावर आणि जाड रबरी हातमोजे घालूनच करावे. स्वयंपाकघरातले पातळ हातमोजे या जेलपुढे टिकत नाहीत. ‘कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात चाक बुडवून ठेवा, रंग आपोआप सुटतो’ असा एक सल्ला मला दोन ठिकाणी मिळाला. लोखंडी गेटसाठी तो चालेल, ॲल्युमिनियमसाठी मात्र सर्वथा चुकीचा आहे. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात धुण्याचा सोडा पडला की ते कसे काळे पडते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना वेगळे सांगायला नको. कॉस्टिक सोडा रंगाबरोबर खालचा धातूही खातो आणि त्यातून हायड्रोजन वायू बाहेर पडतो.

रंग निघाल्यावर जे धातूचे तोंड दिसते ते पाहून प्रथम निराशाच येते. ओतीव अलॉय चाके बहुतेक वेळा ए३५६ या मिश्रधातूची असतात. त्यात ॲल्युमिनियमबरोबर सुमारे ७ टक्के सिलिकॉन आणि चिमूटभर, म्हणजे साधारण ०.३ टक्का मॅग्नेशियम असते. सिलिकॉनमुळे वितळलेला धातू साच्याच्या कानाकोपऱ्यात सहज पोहोचतो. पण त्याच कारणाने या चाकाला शुद्ध ॲल्युमिनियमची पांढरी, चांदीसारखी झळाळी कधीच येत नाही, थोडी निळसर-करडी छटा राहतेच. शिवाय ओतकामात अडकलेल्या वायूची सुईच्या टोकाएवढी छिद्रे जागोजाग असतात. ती घासत बसले तर खालून नवी उघडी पडतात. पहिल्या चाकावर मी अशा एका छिद्रामागे पाऊण तास घालवला आणि त्याच्या शेजारी आणखी दोन उघडी पडल्यावर थांबलो. तोंडाचा सपाट भाग आणि बाहेरची कड एवढेच चमकवावे आणि आऱ्यांमधल्या खिडक्यांच्या आतल्या बाजूंना गडद राखाडी रंग द्यावा, हा निर्णय तिथेच घेतला. तो दिसायलाही चांगला ठरला, कारण गडद रंगाशेजारी चमक अधिक उठून दिसते आणि जिथे बोट धड शिरत नाही तिथे घासण्याचा ताप वाचतो.

आता पेपर. बोहरी आळीतल्या दुकानात मी ‘झिरो पेपर द्या’ म्हणालो, तेव्हा गल्ल्यावरच्या गृहस्थांनी ‘लाकडासाठी की पाण्यातला?’ असे विचारले आणि या प्रश्नातच निम्मे काम आले. लाकडाचा पिवळसर पॉलिश पेपर पाण्यात टाकला की त्याचा लगदा होतो. वॉटर पेपरवर सिलिकॉन कार्बाइडची खर पाण्याला दाद न देणाऱ्या चिकटद्रव्याने बसवलेली असते. थ्री-एम कंपनीने हा प्रकार १९२१ साली बाजारात आणला, तो मोटारींच्या रंगकामात उडणारी धूळ कमी व्हावी या हेतूनेच. म्हणजे हा कागद जन्मापासून मोटारींच्याच धंद्यातला आहे. २३० बाय २८० मिलिमीटरचा एक ताव मला वीस-पंचवीस रुपयांना मिळाला. प्रत्येक चाकाला १२० आणि २२० नंबरचे दोन-दोन, ४०० चे तीन आणि पुढच्या प्रत्येक नंबरचा एक-एक ताव लागला. एक ताव चार तुकड्यांत फाडून, साबणाचे दोन-चार थेंब टाकलेल्या पाण्यात पंधरा मिनिटे भिजवून मग वापरावा. कोरडा वापरल्यास ॲल्युमिनियमची भुकटी खरीच्या फटींत बसते आणि कागद पाच मिनिटांत बोथट होतो.

कडेला फुटपाथ घासून पडलेले व्रण १२० नंबरने काढावे लागतात. इथे ठोकळ्याशिवाय काम करू नये. नुसत्या बोटाने घासले तर व्रणाच्या जागी खळगा पडतो आणि चमक आल्यावर तो खळगा आरशातल्या लहरीसारखा दिसतो. सपाट भागाला लाकडी गुटका आणि गोलाईला जुन्या रबरी पाइपचा तुकडा मला सोयीचा पडला. २२० नंबरपर्यंतचे काम मेहनतीचे असले तरी त्यात डोके लागत नाही. खरी परीक्षा ४०० नंबरला होते.

ती का, हे आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी समजावले. ते भोसरीत प्लास्टिकच्या साच्यांच्या टूलरूममध्ये डाय पॉलिशर, म्हणजे साच्यांना झळाळी देणारे कारागीर, होते आणि निवृत्तीनंतर पार्किंगमध्ये चाललेले माझे काम जिन्यातून उतरता-चढता पाहत. तिसऱ्या दिवशी त्यांना राहवले नाही. ‘पेपर बदललास की हाताची दिशा बदल,’ ते म्हणाले, ‘नाहीतर कुठला ओरखडा कुठल्या पेपरचा हे तुला कळणार कसे?’ २२० उभा मारला असेल तर ४०० आडवा मारायचा आणि २२० ची एकही उभी रेघ दिसेनाशी होईपर्यंत ६०० ला हात लावायचा नाही. मग ६०० पुन्हा उभा. ऐकायला हे इतके सोपे आहे की मी पहिल्या चाकावर ते केले नव्हते. मी गोल-गोल घासत होतो आणि सगळे ओरखडे एकमेकांत मिसळून गेल्यामुळे पृष्ठभाग एकसारखा करडा दिसे व मी तो झाला असे समजे. बफ मारल्यावर त्या करड्या पडद्याआडून २२० च्या रेघा एकेक करून वर आल्या. चाक परत ४०० वर न्यावे लागले आणि नऊ तासांपैकी साडेतीन तास याच उलट्या प्रवासात गेले.

यामागचे गणित साधे आहे. पी४०० दर्जाच्या कागदावरचा कण सरासरी ३५ मायक्रॉनचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), पी८०० वरचा सुमारे २२, पी१००० वरचा सुमारे १८ आणि पी२००० वरचा सुमारे १० मायक्रॉनचा असतो. जितका कण लहान, तितका तो दर फेरीला कमी धातू काढतो. त्यामुळे मोठ्या कणाची खोल चर लहान कणाने काढायची म्हणजे फावड्याचे काम चमच्याने करण्यासारखे आहे. ते होत नाही असे नाही, पण संध्याकाळ उलटून जाते. मी तिसऱ्या चाकावर ८०० आणि १५०० गाळून पाहिले. ८०० गाळल्याने वेळ वाचला नाही, १००० वरच तेवढा अधिक गेला. १५०० गाळल्याचा मात्र शेवटी काही फरक जाणवला नाही. म्हणून पुन्हा खरेदी केली तर १५०० नंबर घेणार नाही आणि ते पैसे ४०० च्या आणखी तावांत घालीन.

या कामातून तयार होणाऱ्या काळ्या चिखलाविषयी एक सूचना. ॲल्युमिनियमची अतिसूक्ष्म भुकटी कोरडी असताना पेट घेऊ शकते आणि ओली असताना पाण्याशी तिची संथ क्रिया होऊन हायड्रोजन सुटू शकतो. त्यामुळे हा चिखल झाकण घट्ट बसणाऱ्या बाटलीत भरून ठेवू नये. मी बादली उघडीच ठेवून चिखल तळाशी बसू दिला, वरचे पाणी ओतून दिले आणि गाळ जुन्या वर्तमानपत्रात पुसून घेतला. ज्या ग्राइंडरवर लोखंड घासले जाते त्यावर ॲल्युमिनियम मुळीच नेऊ नये. गंज आणि ॲल्युमिनियमची भुकटी यांचा ठिणगीशी संयोग धोक्याचा आहे, शिवाय लोखंडाचे कण चाकात रुतून पुढे त्यांचे तांबडे ठिपके पडतात.

ऑनलाइन मागवलेल्या बफच्या संचाबद्दल मला फारसे चांगले लिहिता येत नाही. सहा मिलिमीटर दांडीचे सुती चाकाचे, शंकूचे आणि छत्रीच्या आकाराचे मिळून सात बफ आणि तपकिरी, पांढरी व हिरवी अशा लस्टरच्या, म्हणजे बफवर चोळायच्या पॉलिशच्या, तीन वड्या त्यात होत्या. शंकूच्या बफची दांडी पहिल्याच तासात डुगडुगू लागली. सुती चाकाची शिलाई दुसऱ्या दिवशी उसवली आणि त्याचा कापूस पार्किंगभर उडाला. सोसायटीच्या वॉचमनने ‘साहेब, गादी फाडली का?’ अशी चौकशी केली. लस्टरच्या वड्या मात्र बऱ्या होत्या. तपकिरी वडीने आधी कापायचे आणि पांढऱ्या वडीने उजळायचे हा ॲल्युमिनियमसाठीचा क्रम. हिरवी वडी स्टेनलेस स्टीलची, ती मी बाजूला ठेवली. एका बफवर एकच वडी लावावी आणि कोणत्या बफवर कोणती हे दांडीला रंग लावून लक्षात ठेवावे, एवढे पथ्य पाळले तर वड्या आपले काम चोख करतात.

तरीही बफविषयीची अपेक्षा माफक ठेवण्यामागे दांडी आणि शिलाई यांच्याहून मोठे कारण आहे. पॉलिशच्या दुकानातल्या मोटारीवर २०० मिलिमीटर व्यासाचा बफ मिनिटाला सुमारे २८०० फेरे फिरतो, म्हणजे त्याची कड धातूवरून सेकंदाला २९ मीटरच्या वेगाने जाते. माझ्या ड्रिलचा कमाल वेग मिनिटाला २६०० फेरे आहे, पण बफ जेमतेम ७५ मिलिमीटरचा. त्याच्या कडेचा वेग सेकंदाला १० मीटरच्या घरात येतो. आरशासारखी झळाळी कडेच्या वेगातून आणि दाबातून येते, आणि घरच्या ड्रिलमध्ये या दोन्हींची वाण आहे. दाब वाढवावा तर ड्रिल तापते, कारण त्याची बेअरिंगे सरळ भोक पाडण्यासाठी बनवलेली असतात, बाजूचा भार सोसण्यासाठी नव्हे. मी दर पंधरा मिनिटांनी ते थंड होऊ दिले. अँगल ग्राइंडरला बफ लावून वेगाची कसर भरून काढण्याचा मोह होतो, पण तो मिनिटाला ११,००० फेऱ्यांच्या आसपास फिरतो आणि त्या वेगासाठी न बनलेला बफ हातात फुटू शकतो. गाडी जॅकवर घेऊन, इंजिन चालू करून, फिरत्या चाकाला पेपर लावण्याचा प्रकारही काही मंडळी करतात. त्याला मी कामच म्हणणार नाही.

ऑटोसोलची ट्यूब ही या खरेदीतली सर्वांत निर्वेध वस्तू ठरली. जर्मनीतल्या झोलिंगेन या चाकू-सुऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावी हे पॉलिश बनते. ट्यूब टूथपेस्टसारखी आणि आतला लेपही तसाच दाट आहे; वास मात्र उग्र आहे, तेव्हा उघड्यावर वापरलेली बरी. हरभऱ्याच्या दाण्याएवढा लेप जुन्या सुती पंच्याच्या तुकड्यावर घेऊन हातभर जागेवर चोळायचा, कापड काळे पडू द्यायचे आणि लेप वाळण्याआधी दुसऱ्या स्वच्छ कापडाने पुसून काढायचा. हा काळेपणा म्हणजे मळ नव्हे. पृष्ठभागावरची ऑक्साइडची अतिपातळ साय आणि धातूचे सूक्ष्म कण निघून येतात त्याचा तो रंग आहे. त्यामुळे कापड काळे यायचे थांबेपर्यंत चोळत राहू नये, उघड्या ॲल्युमिनियमवर ते कधीच थांबत नाही. उलट, चोळूनही कापड पांढरेच राहिले तर तिथे लॅकर शिल्लक आहे असे समजावे. दुसऱ्या चाकाच्या एका आऱ्यावर राहून गेलेला तळहाताएवढा पापुद्रा मला असाच सापडला.

चारही चाके दोनदा करून ट्यूबचा तिसरा हिस्सा अजून शिल्लक आहे. एका मित्राकडे मदर्स या अमेरिकी कंपनीचे मॅग अँड ॲल्युमिनियम पॉलिश होते. ते मी चौथ्या चाकाच्या अर्ध्या भागावर लावले. त्याच्या नावातला ‘मॅग’ मॅग्नेशियमच्या जुन्या शर्यतीच्या चाकांवरून आलेला आहे. पुसल्यानंतर कोणता अर्धा कोणाचा हे मला दोन पावलांवरून सांगता आले नाही, काकांनाही नाही. मग जे जवळच्या दुकानात मिळेल ते घ्यावे, एवढेच म्हणतो. मात्र या लेपांकडून ओरखडे बुजण्याची अपेक्षा ठेवू नये. १००० नंबरवर थांबून ट्यूब लावली तर ओरखडे अधिक चकाकतात, नाहीसे होत नाहीत.

ट्यूब यायच्या आधी आईने माझ्यापुढे पितांबरीची पुडी केली होती, ‘धातू तो धातू’ या न्यायाने. तांब्या-पितळेच्या भांड्यांवर पितांबरीला तोड नाही, पण ती तांब्या-पितळेसाठीच आहे. ॲल्युमिनियम आम्लानेही झिजते आणि अल्कलीनेही; चिंच, लिंबू, सोडा, राख अशी घरातली सगळी पिढीजात आयुधे त्याच्या बाबतीत कपाटातच राहिलेली बरी. आईने पुडी परत नेली आणि देवघरातली समई घासून आणून माझ्या चाकाशेजारी ठेवली. समई अधिक चमकत होती, हे प्रांजळपणे नमूद करतो.

चमक आणणे एक आणि ती टिकवणे दुसरे, आणि या दुसऱ्या बाबतीत घरचे काम लंगडे पडते. कारखान्यातल्या चाकाला लॅकरचे कवच असते, आपण ते स्वतःच्या हाताने काढून टाकलेले असते. नवे लॅकर मारावे तर आरशासारख्या गुळगुळीत पृष्ठभागाला ते धड धरत नाही, आणि टिकाऊ अशा दोन घटकांच्या लॅकरमधले आयसोसायनेट श्वसनाला इतके अपायकारक असते की योग्य मास्क आणि रंगाची खोली असल्याशिवाय त्याला हात घालू नये. म्हणून मी दोन चाकांना कार्नोबा मेण आणि दोन चाकांना सिरॅमिक फवारा अशी विभागणी करून पाहिली. काम मेच्या अखेरीस संपले आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्यात पाऊस सुरू झाला. मेणाची चाके तीन आठवड्यांत धुरकट झाली. ब्रेकच्या उष्णतेपुढे मेण फार काळ टिकणे अवघडच होते. सिरॅमिकची चाके ऑगस्टच्या मध्यापर्यंत बरी राहिली, त्यानंतर त्यांवरही पाण्याचे डाग धरू लागले. पुढच्या चाकांवर ब्रेक पॅडची लोहयुक्त धूळ मागच्यांपेक्षा पुष्कळ अधिक बसते, त्यामुळे सिरॅमिक पुढच्या दोघांना दिले असते तर अधिक शहाणपणाचे झाले असते. धुरकट चाक ट्यूबने पुन्हा उजळायला वीस मिनिटे पुरतात. पण ती वीस मिनिटे महिन्या-दीड महिन्याने, आणि चार चाकांची, हे ध्यानात घेऊनच या वाटेला जावे. गाडी अजून मालवणात असती तर मी हे केलेच नसते. खाऱ्या हवेत उघडे ॲल्युमिनियम ठेवण्यापेक्षा चाके एखाद्या चांगल्या पावडर कोटिंगवाल्याकडे दिलेली बरी.

चाक परत चढवताना घ्यायची काळजी पॉलिशच्या सामानाइतकीच महत्त्वाची आहे. नट बसतात ते शंकूच्या आकाराचे खळगे, हबला टेकणारी मागची सपाट जागा आणि टायरची कड जिथे बसते तो भाग, या तिन्ही ठिकाणी पेपर किंवा रंग लावू नये. आतल्या बाजूला चिकटवलेली वजने जेलमुळे सुटतात, त्यामुळे चाकांचे बॅलन्सिंग पुन्हा करून घेणे ओघाने आलेच. माझी दोन वजने सुटली होती आणि ८० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरू लागल्यावर ते माझ्या ध्यानात आले. होंडाच्या या गाडीचे नट १०८ न्यूटन-मीटरला, समोरासमोरच्या क्रमाने आवळायचे असतात. शंभर किलोमीटर चालवल्यावर ते पुन्हा तपासले, एक नट किंचित सैल निघाला.

वस्तूंपुरते मत द्यायचे तर वॉटर पेपर आणि ट्यूब निःशंकपणे घ्यावी, दोन्हींचा मोबदला पुरेपूर मिळतो. जेल घ्यावे, पण लेबल वाचून. बफचा संच घेऊ नये. त्याऐवजी सुटा, जाड दांडीचा एकच सुती बफ आणि लस्टरच्या तपकिरी व पांढऱ्या वड्या घ्याव्यात, ते स्वस्तही पडते. दुकानातल्या आरशाची बरोबरी या सामानातून होत नाही. पाच पावलांवरून चाक नवे वाटते, दोन पावलांवरून जुन्या चांदीच्या ताटासारखे मऊ चमकते आणि नाक लावून पाहिले तर छिद्रे दिसतात. मला ते पुरेसे आहे. ज्यांना नाही त्यांनी अडीच हजारांचा रस्ता धरावा.

मागच्या डाव्या चाकाच्या कडेवर, झडपेच्या शेजारी, २२० नंबरच्या चार-पाच उभ्या रेघा राहून गेल्या आहेत. दुपारी त्या दिसत नाहीत, पण संध्याकाळचे तिरपे ऊन पार्किंगमध्ये आले की काका जिन्यावरून बोट दाखवतात. हे चाक मी पहिले केले होते. दिवाळीपूर्वी ते उतरवणार आहे आणि ४०० नंबरचे उरलेले तीन ताव त्यासाठीच काढून ठेवले आहेत.